कोणता नळा चोंदला? खेड्यात बसून अफिलिएट फनेल उभारताना आणि तपासताना

पेरणीच्या दिवशी तिफणीमागं चालणाऱ्या बाईकडे नीट बघा. ती चाड्यात मूठ सोडत असते. बी चाड्यातून तीन नळ्यांत जातं, नळ्यांतून दात्यांमागं मातीत उतरतं. ओल जास्त असली की एखाद्या नळ्याच्या तोंडाशी चिखल बसतो. वरून बी पडतच असतं, हाताला काही कळत नाही. आठ दिवसांनी उगवण झाली की दिसतं: दोन ओळी भरलेल्या, तिसरी मोकळी. म्हणून जाणत्या बाया मधूनमधून तिफण थांबवायला लावतात आणि नळ्यात काडी घालून बघतात.

अफिलिएटचं काम म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्या लिंकवरून विकून देणं. त्यात ज्याला सेल्स फनेल म्हणतात, त्याची रचना या चाड्यासारखीच आहे. वरून माणसं येतात, कुणी यूट्यूबवरून, कुणी व्हॉट्सॲपवरून. त्यातली काही आपलं पान उघडतात, काही पानावरची लिंक दाबतात, त्यातली थोडी वस्तू मागवतात. विक्री आपल्या लिंकवरून झाली म्हणून कंपनी आपल्याला कमिशन देते, आणि ग्राहकाला वस्तू तेवढ्याच भावात पडते. नवी मुलं सगळा जोर वरून माणसं ओतण्यावर लावतात. खाली कोणता नळा चोंदलाय हे बघायला थांबत नाहीत, आणि चार महिन्यांनी "यात काही दम नाही" म्हणून सोडून देतात.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरची कपाशी, तूर, सोयाबीन सांभाळून गेले तीन हंगाम हे काम करतोय. खाली लिहिलेलं सगळं एक मोबाईल, एक वही आणि साधं इंटरनेट एवढ्यावर होतं. पंधरा-वीस हजारांचा कोर्स विकणारे भेटतील. ते पैसे आधी बियाण्याला लावा.

पहिली पायरी: वस्तू एकच, आणि स्वतः वापरलेली

सुरुवातीला दहा वस्तूंची यादी करायचा मोह होतो. करू नका. एक वस्तू घ्या, तीही तुमच्या घरात हंगामभर वापरलेली. मी बॅटरीवरचा फवारणी पंप घेतला, कारण तो माझ्या पाठीवर होता आणि त्याबद्दल कुणी काहीही विचारलं तर उत्तर द्यायला मला कुठं बघावं लागत नव्हतं.

दुसरंही एक कारण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून फवारणीबद्दल कुणी बोलायला लागलं की गाव कान देऊन ऐकतं, आणि चुकीच्या सल्ल्याची किंमत काय असते हेही गावाला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी पंप, नोझल, हातमोजे, चष्मा, मास्क सुचवतो. औषध कोणतंच सुचवत नाही, कमिशन कितीही असो. औषध आणि मात्रा कृषी विज्ञान केंद्रात विचारा, किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस बघा, असं पानावर स्वच्छ लिहिलेलं आहे.

वस्तू निवडताना तिचा हंगाम बघा. पंपाची विचारपूस जूनअखेर सुरू होते आणि पोळ्यापर्यंत चालते. गुगलला नवं पान सापडायला, दाखवायला वेळ लागतो. म्हणजे रोहिणी लागायच्या आत पान तयार हवं. मृग बरसल्यावर लिहायला बसलात तर त्या वर्षीचं हातचं गेलं.

दुसरी पायरी: खातं उघडा, पण नियम आधी वाचा

मी ॲमेझॉनच्या असोसिएट्स योजनेपासून सुरुवात केली, म्हणून तिचेच नियम सांगतो. दुसरी कुठली योजना घेतली तर तिचे नियम तिच्याच पानावर वाचा. खातं फुकट उघडतं. उघडल्यापासून १८० दिवसांत निदान तीन पात्र विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. म्हणून खातं जानेवारीत उघडून ठेवू नका, हंगामाच्या तोंडावर उघडा. ग्राहकानं लिंक दाबल्यापासून २४ तासांची मुदत असते. तेवढ्यात त्यानं वस्तू घेतली तर कमिशन आपलं.

आता खेड्यात सगळ्यात जास्त अडचण करणारा नियम. आपल्या लिंकवरून स्वतःसाठी, नातेवाइकासाठी, मित्रासाठी वस्तू मागवायची नाही. इथं तर रोजचं आहे: शेजारचे काका येतात आणि म्हणतात, "मले त्यातलं काही समजत नाही, तूच मांगवून दे न बापू, पैसे आताच घे." प्रेमानं म्हणतात, पण तशी ऑर्डर टाकली की कमिशन तर मिळत नाहीच, खात्यावरही बालंट येतं. मी अशा वेळी लिंकचा विषयच काढत नाही. काकांसाठी मागवायचं असेल तर थेट ॲपवरून मागवून देतो आणि कमिशन सोडतो. ते सोडलेले शंभर-सव्वाशे रुपये महाग पडत नाहीत.

आणखी एक. एसएमएस, ईमेल, पीडीएफ, छापील पत्रक यांत थेट अफिलिएट लिंक टाकायला या योजनेत मनाई आहे. याच कारणानं फनेलमध्ये आपलं स्वतःचं पान लागतं. लोकांना आपल्या पानाचा पत्ता पाठवायचा, आणि अफिलिएट लिंक त्या पानावर ठेवायची. अर्ज करताना आपला ब्लॉग आणि चॅनल नोंदवायचं.

कमिशन मिळतं हे सांगणं बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आणि ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचना, दोन्हींत हे आहे. मजकूर ज्या भाषेत, त्याच भाषेत हा खुलासाही हवा. मी पानाच्या अगदी वर लिहितो: "या पानावरच्या लिंकवरून तुम्ही पंप घेतला तर मला कंपनीकडून थोडं कमिशन मिळतं. तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत." काही जण हे तळाशी बारीक अक्षरात दडवतात. वर लिहिल्यानं विक्री घटल्याचं माझ्या वहीत तरी दिसत नाही. उलट बाजारात एकानं हात धरून सांगितलं, "तू सांगून टाकलं, हे चांगलं केलं."

तिसरी पायरी: पान

पान बनवायला गुगलची ब्लॉगर ही सोय फुकट आहे, सुरुवातीला तेवढं पुरतं. माझं पहिलं पान मात्र वाया गेलं. कंपनीच्या पेटीवरची माहिती मी मराठीत उतरवून काढली होती: टाकी १६ लिटर, बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअर-तास, नळी अमुक फूट. ती माहिती विक्रीच्या पानावरही असते, मग माझ्या पानावर कुणी का थांबावं?

मग मी आठवडी बाजारात लोक काय विचारतात ते वहीत लिहायला लागलो. "पट्टा खांद्याले रुतते का?" "एका चार्जिंगात किती टाक्या निघतात?" "बॅटरी गेली तर घाटंजीत भेटते का?" "लहान पोराले उचलते का?" हेच प्रश्न, याच शब्दांत, पानाची उपशीर्षकं झाली. उत्तरं माझ्या पंपावरची. आमच्याकडे एका चार्जिंगात पंधरा-सोळा टाक्या निघाल्या. भरलेली टाकी आणि पंप मिळून वीस किलोच्या वर जातं, म्हणून पोराच्या पाठीवर देऊ नका. हंगाम संपल्यावर बॅटरी तशीच कोपऱ्यात ठेवली की मरते, महिन्यातून एकदा चार्ज करत राहा. कीटकनाशकाला पोकळ शंकूच्या फवाऱ्याचं नोझल, तणनाशकाला पंख्यासारखं सपाट फवाऱ्याचं. आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश जरी कपाशीवर गेला तरी पानं आकसतात.

पंप कुणी घेऊ नये हेही लिहा. माझ्या पानावर आहे: जमीन एक-दीड एकर असेल आणि जुना हातपंप चालत असेल, तर वायसर बदला आणि तोच वापरा. या ओळीमुळं काही गिऱ्हाइकं गेली असतील. पण जी थांबली ती खरंच घ्यायला आलेली होती.

भाव पानावर लिहू नका. तो रोज बदलतो, आणि तुम्ही लिहिलेला जुना भाव बघून आलेला माणूस चिडून परत जातो. "आजचा भाव इथं बघा" एवढं पुरे.

फोटो हलके ठेवा, शंभर केबीच्या आत. पान घरच्या वायफायवर तपासू नका. शेतात जा, जिथं एकच दांडी रेंज येते तिथं उभे राहा आणि उघडा. तोंडानं दहा अंक मोजेपर्यंत पान उघडलं नाही, तर गिऱ्हाईक सहाव्या अंकालाच परतलेलं असतं.

चौथी पायरी: माणसं आणणं

इथं मी थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्यांना आवडतं आणि सगळे यावरच बोलतात. यूट्यूबवर एक व्हिडिओ करा: पंप उघडून, पाणी भरून, चालवून. स्वतःच्या बोलीत बोला. वर्णनात पानाची लिंक द्या. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण मेसेज त्यालाच पोचतो ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. म्हणजे आधी ओळख, मग मेसेज. गावच्या ग्रुपवर रोज लिंक फेकणारा माणूस आठ दिवसांत नकोसा होतो. मी बाजारात, कृषी केंद्राच्या ओट्यावर, लग्नात विचारतो, "फवारणीची माहिती पाठवू का?" हो म्हटलं तरच नंबर यादीत जातो. बंद कर म्हटलं की त्याच दिवशी काढतो.

पैसे देऊन जाहिरात करायची घाई करू नका. हिशेब असा करा. समजा एका पंपामागं १२५ रुपये कमिशन आहे आणि पानावर आलेल्या शंभरांत एक जण घेतो. म्हणजे पानावर येणारा एक माणूस आपल्याला सरासरी सव्वा रुपया मिळवून देतो. जाहिरातीतून येणारा माणूस तीन रुपयांना पडत असेल तर प्रत्येकामागं पावणेदोन रुपये घरचे जातात. हा सव्वा रुपयाचा आकडा तुमच्या वहीतून निघेपर्यंत जाहिरातीचं बटण दाबू नका.

पाचवी पायरी: वही आणि काडी

आता खरं काम. वहीत सहा रकाने पाडा: आठवडा, किती जणांपर्यंत पोचलं, किती जणांनी पान उघडलं, किती जणांनी लिंक दाबली, किती ऑर्डरी, किती परत. पहिला आकडा यूट्यूब स्टुडिओ आणि व्हॉट्सॲपवरून मिळतो, दुसरा ब्लॉगरच्या आकडेवारीतून, बाकीचे योजनेच्या रिपोर्टमधून. असोसिएट्सच्या एका खात्यात शंभरपर्यंत ट्रॅकिंग आयडी, म्हणजे लिंकला जोडायची आपली खूण किंवा टॅग, करता येतात. त्याचा फायदा घ्या: यूट्यूबवाल्यांसाठी पानाची एक प्रत, व्हॉट्सॲपवाल्यांसाठी दुसरी, दोन्हींवर वेगळा आयडी. मग ऑर्डर कुठून आली हे अंदाजानं सांगावं लागत नाही.

समजा एका आठवड्यात ४०० जणांपर्यंत पोचलं, १२० जणांनी पान उघडलं, १८ जणांनी लिंक दाबली आणि एकच ऑर्डर आली. नवा माणूस म्हणेल, ४०० चे ८०० करू. तसं नका करू. खालून वर तपासत या. तळाचा नळा चोंदलेला असताना वरून दुप्पट बी ओतलं तर दुप्पट वाया जातं.

सगळ्यात खालचा टप्पा: १८ जणांनी लिंक दाबली आणि १७ जण परत गेले. का? आधी लिंकच तपासा. ती दाबल्यावर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत आपला टॅग दिसतो का? भारतातल्या टॅगच्या शेवटी २१ असतं. माझ्याकडून एकदा पान दुरुस्त करताना टॅगाविनाच पत्ता चिकटवला गेला. पंधरा दिवस लिंक दाबल्या गेल्या, रिपोर्टमध्ये शून्य. भर जुलैतले पंधरा दिवस होते. तेव्हापासून पानाला हात लावला की ब्राउझरच्या गुप्त खिडकीत (इन्कॉग्निटो) उघडून टॅग बघतो, मगच फोन खाली ठेवतो.

लिंक बरोबर असेल तर पिनकोड टाकून बघा. वस्तू आपल्या खेड्यात पोचते का, पोचल्यावर पैसे द्यायची सोय आहे का, परत न्यायला कुणी येतं का. आमच्या भागात हा नळा सगळ्यात जास्त चोंदतो. दुसऱ्या हंगामात एका ओळखीच्या काकांकडे पंप आला तो फवारणीची दांडी तडकलेला. परत न्यायला माणूस येणार म्हणून तीनदा तारीख मिळाली, तीनदा कुणी आलं नाही. काकांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण त्यांच्या अंगणात ती पेटी महिनाभर पडून होती आणि मी रोज तिथून जात होतो. तो पंप मी पानावरून काढला आणि ज्याचे सुटे भाग घाटंजीत मिळतात असा दुसरा ठेवला. पानावर दोन ओळी वाढवल्या: मागवण्याआधी पिनकोड टाकून परतीची सोय बघा, आणि पेटी उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.

मधला टप्पा: १२० पैकी १८ जणांनीच लिंक दाबली. याचं उत्तर आकड्यांत सापडत नाही, माणसांत सापडतं. पाच जणांना गाठा, शक्यतो वेगवेगळ्या वयाचे. त्यांच्याच फोनवर पान उघडायला सांगा आणि तोंड बंद ठेवून बाजूला बसा. "इथं दाबा" म्हणायचं नाही. आमच्या ओट्यावर एक आजोबा बसले होते, फोनची काच कोपऱ्यात तडकलेली. पान उघडलं, त्यांनी पंपाचा फोटो बघितला आणि अंगठ्यानं फोटोवर दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं, जरा जोरानं. मग फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "चालत नाही वाटते." बटण तीन बोटं खाली होतं, तिथवर ते गेलेच नाहीत. त्या संध्याकाळी मी सगळ्या फोटोंना लिंक लावली. एवढ्या एका गोष्टीनं जे सुधारलं, ते महिनाभर मजकूर घासून सुधारलं नसतं.

सहावी पायरी: बदल एका वेळी एक

तपासणी म्हणजे दोन प्रकार करून कोणता चालतो ते बघणं. बियाण्याचे दोन वाण आपण एकाच वावरात, शेजारी शेजारी, एकाच दिवशी लावून बघतो. एक हलक्या जमिनीत आणि दुसरं काळ्या जमिनीत लावलं तर काहीच कळत नाही. इथंही तसंच. या आठवड्यात एक पान आणि पुढच्या आठवड्यात दुसरं असं केलं आणि मधे पाऊस आठ दिवस दडी मारून बसला, तर फरक पानाचा की पावसाचा? म्हणून यादीचे दोन भाग करा. नंबरचा शेवटचा आकडा सम असलेले एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला. दोघांना त्याच दिवशी, त्याच वेळी मेसेज पाठवा, फक्त पानाची प्रत वेगळी.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. माझ्याकडे बटणावर आधी "इथं खरेदी करा" होतं, नंतर "भाव आणि पिनकोड बघा" केलं. बाकी पान तसंच ठेवलं. दुसरं जास्त दाबलं गेलं, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. खरेदी म्हटलं की खिसा आठवतो, बघायला काही पैसे लागत नाहीत.

लहान आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. १०० पैकी ६ जणांनी एक बटण दाबलं आणि १०० पैकी ९ जणांनी दुसरं, तर तो नुसता योगायोग असू शकतो. तोच फरक १००० पैकी ६० आणि १००० पैकी ९० असा असेल तर मानायला हरकत नाही. खेड्यातून हजाराचा आकडा गाठायला हंगाम जातो. म्हणून बटणाच्या रंगासारख्या बारीक तपासण्यांत वेळ घालवू नका. मोठे बदल तपासा: वेगळा पंप, वेगळा व्हिडिओ, पानाची वेगळी सुरुवात. बाकी ओट्यावरची पाच माणसं सांगतील.

सातवी पायरी: विक्री झाल्यावर

पैसे लगेच येत नाहीत. महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी जमा होतात, आणि परत गेलेल्या वस्तूंचं कमिशन त्यातून वजा होतं. जुलैच्या विक्रीचे पैसे सप्टेंबरअखेरपर्यंत हातात नाहीत असं धरूनच घरचा हिशेब करा. पॅन नंबर खात्याला जोडा. टीडीएस कापला गेला आणि उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरून तो परत मिळतो. त्याची कागदं जपून ठेवा.

पंप घेतलेल्यांपैकी जे ओळखीचे आहेत त्यांना आठ-दहा दिवसांनी विचारा, चालतो का. तक्रार असेल ती पानावर लिहा, नाव न घेता. माझ्या पानावर आज पंपाच्या चार खोडी लिहिलेल्या आहेत, त्यातल्या तीन गिऱ्हाइकांनी सांगितलेल्या.

पोळा झाला की पंपाची विचारपूस आटते, पण यादी तशीच असते. तिला विसरू नका. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते, हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन येते, रानडुकरांमुळं जागलीला जावं लागतं. मग दुसरी वस्तू: कपाळाला बांधायची टॉर्च. ती मी मागच्या हिवाळ्यापासून वापरतोय, पान आता लिहायला घेतलंय. यंदा यादीला पहिला मेसेज मात्र टॉर्चचा जाणार नाही. तो असा लिहून ठेवलाय: "राम राम. फवारणी संपली असेल तर पंप दोन पाण्यानं धुवा, नोझल काढून वाळवा, बॅटरी पूर्ण चार्ज करून घरात उंचावर ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. पुढच्या महिन्यात परत चार्ज करायची आठवण देतो."